कावळीचा धवला

आये, तुला पत्र लिहायची मला काही हौस आलेली नाही. तू होतीस तेव्हाही आपण कामापुरतंच बोललो, आणि तू गेलीस तेव्हा मी रडले ती चारचौघांत रडावं लागतं म्हणून. तुझी बोलीसुद्धा आता माझ्या हातून कागदावर उतरत नाही. चौथीपर्यंतच्या शाळेने जेवढी मराठी दिली तेवढ्यातच लिहिते आहे, आणि चुकलं तरी तू काही वाचणार नाहीस, तुला वाचता येत नव्हतंच. पण आमच्या घरात एक लग्न निघालं आणि त्यात तू मेलेली असून मध्ये मध्ये लुडबुडलीस. म्हणून तुला चार शब्द सुनवायचे आहेत.

आम्ही आता पनवेलात फ्लॅटमध्ये राहतो. गाव उठला, डोंगर कापला, भराव घातला आणि तुझ्या चुलीवरून आता विमानं उडतात. आपलं जोतं नेमकं कुठे गाडलं गेलं ते कुणालाच सांगता येत नाही, पण मी धरून चालते की विमान जिथून जमीन सोडतं तिथेच तुझा उंबरा होता. तुझा स्वभाव पाहता ते शोभतंही. तर या फ्लॅटमध्ये माझी नात, म्हणजे तुझी पणती, गिटार वाजवते. तुला कळावं म्हणून सांगते, लाकडाचं मोठं पोट, लांब मान आणि वर ताणलेल्या तारा. दिवसभर ती कॉम्प्युटरवर कंपनीचं काम करते आणि संध्याकाळी त्याच कॉम्प्युटरवर गिटार रेकॉर्ड करते. त्यासाठी आधी खिडकीला गादी उभी करायची, कारण कळंबोलीकडे जाणारे लोखंडाचे ट्रक हॉर्न वाजवतात. मग पंखा बंद, फ्रिज बंद, नळ आवळलेला. दारामागे तिच्या आईच्या लग्नातल्या गोधड्या टांगलेल्या. माईक गिटारच्या भोकासमोर ठेवत नाहीत हे मला आता ठाऊक आहे. भोकासमोर ठेवला तर ढोलासारखं घुमतं, म्हणून तो मानेजवळ ठेवायचा. एक लहानसा डबा आहे, त्यावर लाल दिवा लागला की "आजी, टेक चालू आहे" अशी आतून हाक येते, म्हणजे मी श्वासही बेताने घ्यायचा. स्वयंपाकघर माझं, पण कुकरची शिट्टी कधी व्हावी हे ती ठरवणार. एकदा मी भाकरी थापली तर तीही आत ऐकू गेली. मी म्हटलं, मग भाकरीला ताल नाही का, राहू दे तिथेच. तिने दार लावून घेतलं.

तिच्या भावाचं लग्न चिरनेरकडची मुलगी बघून ठरलं. बोलणी झाली, चहा झाला, आणि उठता उठता मुलीच्या आजीने पदर सावरत विचारलं, "आमची धवलारीण गेली. धवल्याबिगर आमच्यान हलद लागत नाय. तुमची कोन हाय?" माझ्या मुलाला कुठे गप्प बसावं ते कधीच कळलं नाही. तो छाती काढून म्हणाला, माझी आजी धवलारीणच होती की, सगळ्या गावाच्या लग्नांत धवले तीच गायची. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, ती मेली, आणि मला त्यातलं ओ की ठो येत नाही. ती म्हातारी मला वरून खालपर्यंत बघत राहिली आणि म्हणाली, मग बघा बाई काय ते, आमची मुलगी कोरडी पाटावर बसणार नाही.

घरी येऊन नातीने मला कॉम्प्युटरसमोर बसवलं, कानांवर ते मोठे कानपट्टे चढवले आणि तिच्या गिटारचं काहीतरी लावलं. वाजत होती गिटारच. मग तिने कुठलीतरी रेघ वर ओढली, आणि गिटारच्या मागून, भिंतीपलीकडून, कुणीतरी गुणगुणतंय असं ऐकू यायला लागलं. मी मासे साफ करताना. "येतं तुला," ती म्हणाली. "माझ्या प्रत्येक टेकमागे आहेस तू. किती वेळा वाजवून वाजवून मी थकले, आजी. आणि हे मागचं गुणगुणणं काय आहे ते मला आज कळलं."

आता मांडवात मी तोंड उघडलं तो दिवस तुला आठवतो का ते मी विचारणार नाही. मला आठवतो तेवढा पुरे. आपल्या आळीतल्या थोरल्या घरचं लग्न आहे, अंगणात मांडव, मांडवात उखळ, उखळात हळकुंडं, आणि बाया मुसळं धरून उभ्या आहेत. तू पाटावर बसली आहेस. भट यायच्या आधी तुझा मान. तांदूळ कांडायचे तर त्याचा धवला, उंबराची फांदी आणायची तर तिचा, हळदीचा वेगळा. तू तोंड उघडल्याशिवाय कुणी मुसळ उचलत नसे, आणि एकदा उचललं की धवला संपेपर्यंत ते खाली ठेवायचं नसे. हे तूच सांगायचीस, मुसल थांबला तर संसार थांबतो. तू गाते आहेस, आणि त्या ओळीवर येतेस,

हलद कांडता दिस कलला गो,
आयेचा हात नाय ढलला गो,

आणि पहिली ओळ झाल्यावर तुला खोकला येतो. साधा नाही, वाकवून टाकणारा. मुसळं वर गेलेली आहेत. बाया एकमेकींकडे बघतात. मी मागे पाण्याची कळशी घेऊन उभी आहे, अंगात परकर-पोलकं, आणि मुसळ थांबलं तर संसार थांबतो हे मला खरंच वाटतं. म्हणून पुढची ओळ मी म्हणते. मुसळं खाली येतात. एक ठोका पडतो, दुसरा पडतो. मग तू हात वर करून ते थांबवतेस. तू, जिने आयुष्यभर कुणाला थांबू दिलं नाहीस. आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणतेस, "हिच्या गल्यान कावला बसलाय. मांडव नासवील ही." बाया हसल्या. त्यांना काय, हसायला कारण मिळालं. त्या दिवसापासून मी गावात कावळी. विहिरीवर कावळी, शेतावर कावळी. माझ्या सासरच्या गावीसुद्धा हे नाव माझ्याआधी पोचलेलं होतं. दीर जेवायला बसला की म्हणायचा, वहिनी, काव काव करू नका, वाढा. मी वाढत असे. त्याचं ताट मी कधी गरम वाढलं नाही, एवढंच.

तुला वारसदार हवी होती, आणि तू शेजारच्या घरची सून निवडलीस. गोड गळ्याची, खाली मान घालणारी. दुपारी तू तिला ओटीवर घेऊन बसायचीस आणि मला आत जात्यावर. दार ओढून घ्यायचीस, जसं काही जात्याला कान नसतात. तू तिला एक ओळ द्यायचीस, ती चुकायची, तू परत द्यायचीस, आणि आत मी पहिल्या फेरीतच ती ओळ पिठाबरोबर खाली पाडलेली असायची. सगळे धवले असे माझ्याकडे आले. कुणी दिले नाहीत. तुझ्या त्या गोड गळ्याने पुढे काय केलं ते सांगते. तू तिला बजावलं होतंस की मांडवाबाहेर धवला म्हणायचा नाही आणि घराबाहेर कुणाला द्यायचा नाही. तिने तुझं ऐकलं. मुलीला दिला नाही, सुनेला दिला नाही, आणि सगळा गळ्यात घेऊन गेली. जिला शिकवलंस तिने तो जाळला, आणि जिला दाराआड ठेवलंस तिच्याकडे तो आहे. यावर तुझं काय म्हणणं आहे ते मला ऐकायचं होतं, पण तू वेळेवर मेलीस.

माझ्या लग्नात तू गायली नाहीस. नवरीच्या आईने गायचं नसतं म्हणालीस, ते असेलही खरं. तुझी ती शिष्या गात होती आणि तू नवरीची आई म्हणून बसायच्या ऐवजी तिच्याकडे बघत तिच्या चुका ओठांनी सुधारत होतीस. मी हळद लागलेल्या अंगाने ते बघत होते. पाठवणीला तू मला नवी विळी दिलीस, पुढे नारळाची खवणी असलेली, भारी लोखंडाची. बाकीच्यांच्या आया काय काय सांगतात. तू म्हणालीस, "तोंड बंद ठेव नि हात चालव." त्याच दिवशी मी मनात धरलं की मांडवात मी तोंड उघडणार नाही, कुणाच्याही. माझ्या मुलांची लग्नं झाली, मी आत भांडी मोजत बसले. विळी मात्र अजून तीच आहे. लोखंड चांगलं होतं, त्याला मी काय करू.

नातीला हे सगळं सांगितलं. वाटलं होतं, गळ्यात पडेल, मग मला तिला ढकलावं लागेल. तसं काही नाही. ती नख चावत बसली होती, ऐकून म्हणाली, "म्हणजे मांडवात गायचं नाही, एवढंच ना? मग मांडवात नको गाऊस. माझ्या खोलीत गा. मी गिटार लावते, रेकॉर्ड करते, आणि मांडवात स्पीकर गाईल." पोरगी तुझ्यावर गेली आहे, नियमाला बोट लावायचं नाही आणि बाजूने वाट काढायची. मी म्हटलं, आणि नाही म्हटलं तर? ती म्हणाली, तर चिरनेरची आजी नवरीला उठवून घेऊन जाईल आणि दादा तुला जन्मभर बोलेल. ते मात्र खरं होतं. त्या म्हातारीचा चेहरा मी पाहिला होता. ती उठवणाऱ्यातली आहे.

मग आमचं सुरू झालं. गादी खिडकीला, गोधड्या दाराला, मी पलंगाच्या कडेला, आणि माझ्या तोंडासमोर माईक, त्याला पुढे चाळणीसारखं कापड लावलेलं. कानपट्ट्यांत टिक टिक वाजायला लागलं. नात म्हणाली, याला क्लिक म्हणतात, याच्यावर गायचं, म्हणजे गिटार आणि तू एकत्र राहाल. मी तोंड उघडलं. टिक टिक पुढे गेलं आणि मी मागे राहिले. परत केलं, तर मी पुढे गेले आणि ते मागे राहिलं. वर माझाच आवाज मला कानात जरा उशिरा ऐकू येत होता, म्हणजे मी बोलले की मागून कुणीतरी येऊन मला चिडवतंय. आणि जेव्हा जेव्हा म्हणून मी त्या ओळीपाशी आले, बरोब्बर तेव्हाच वरून विमान गेलं. गादी, गोधड्या, काही उपयोग नाही, आख्खी खोली थरथरायची. नात कपाळाला हात लावायची. मी छताकडे बघून म्हटलं, मेलीस तरी गप्प बसत नाहीस. नातीला वाटलं मी तिला बोलले. तिला सांगितलं, तुला नाही गं, तुझ्या पणजीला.

तिसऱ्या संध्याकाळी मी कानपट्टे काढून ठेवले. म्हटलं, रविवारची आमटी बाकी आहे, मला खोबरं खवायचं आहे. ती रडकुंडीला आली होती. म्हणाली, आजी, हळद चार दिवसांवर आली. मग एकदम थांबली आणि विचारलं, तू किचनमध्ये गुणगुणतेस तेव्हा चुकत नाहीस. का? मी म्हटलं, तिथे हातात काम असतं. धवला घड्याळाला थोडाच बांधलेला असतो. तो मुसळाला बांधलेला असतो. बाई थकली की मुसळ हळू पडतं, मग ओळ लांबते. नव्या दमाची आली की ओळ आखडते. ती उठली, स्वयंपाकघरातून तुझी विळी आणि अर्धा नारळ घेऊन आली आणि खोलीच्या मधोमध पेपर अंथरला. म्हणाली, खव. मी म्हटलं, खरखर येईल तुझ्या माईकात. "येऊ दे." जी पोरगी भाकरीचा आवाज चालवून घेत नव्हती ती.

बसले विळीवर, एक पाय दुमडून. खोबरं खवायला लागले आणि आपोआप तोंड उघडलं. तिने ते टिक टिक बंद करून टाकलं होतं. ती समोर जमिनीवर मांडी घालून गिटार घेऊन बसली आणि माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती, माझ्या मनगटाकडे बघत होती. हात खाली आला की तिची बोटं तारेवरून जायची. मी मुद्दाम हळू केलं, तीही हळू झाली. मी वाटी फिरवायला थांबले, तर तिने तार तशीच घुमत ठेवली, मी परत सुरू करेपर्यंत. मला वाटलं होतं हे लाकडी पोट माझ्या धवल्याला खाऊन टाकेल. तसं झालं नाही. ते शेजारणीसारखं बसलं, हातभार लावत, मध्ये न बोलता. विमान एक गेलं. आम्ही दोघी थांबलो नाही. ते रेकॉर्डिंगमध्ये आहे, ऐकायचं तर ऐक.

दुसऱ्या दिवशी तिने मला पडद्यावर माझा आवाज दाखवला. डोंगरांच्या रांगेसारखा दिसतो. तिने हळूच, जपून जपून सांगितलं, की आजी, सगळं ठीक आहे, पण एका जागी तू दर वेळी खाली येतेस. सुरापासून. दर वेळी तिथेच. तिने बोट ठेवलं तर ते "आयेचा" वर होतं. मी विचारलं, खाली म्हणजे बेसूर? ती म्हणाली, थोडीशी. म्हणजे तू खोटं बोलली नव्हतीस. कावळा होता. मशीनला माझ्याशी काय वैर असणार? पण तो कावळा आधीपासून बसला होता की तू उडवत आणून बसवलास, ते मशीन सांगत नाही. मी ती ओळ पहिल्यांदा मांडवात म्हटली आणि तिच्यावरच मार खाल्ला. आता त्या शब्दापाशी आलं की गळा मान खाली घालतो, मारक्या मास्तरासमोर पोरं घालतात तशी.

नात म्हणाली, "काही टेन्शन घेऊ नकोस, हे सरळ करता येतं." आणि मला काही कळायच्या आत तिने माउसने ती रेघ धरली, वर ओढली, आजूबाजूची खरड पुसली आणि वाजवलं.

आये, तू बोललीस. त्या खोलीत, माझ्या नातीच्या कॉम्प्युटरमधून, तू गायलीस. माझाच गळा, पण सरळ केलेला, ताठ, चकचकीत, घासलेल्या पितळेसारखा, आणि त्या शब्दावर न वाकता उभा. खोकल्याआधी तू गात होतीस तशीच्या तशी. माझ्या अंगावर काटा आला आणि मग राग आला. माझं काढून घ्यायला तू इथेही आलीस. मी ओरडले, पूस ते. पोरगी घाबरली. म्हणाली, अगं आजी, चांगलं वाटतंय उलट. मी म्हटलं, चांगलंच वाटणार, चांगलं वाटण्यापलीकडे तिला दुसरं काही येतच नव्हतं. हळदीला वाकडंच लावायचं. कावळी गायली आहे तर कावळीच वाजेल. नाहीतर तुझ्या दादाला सांग, नवरीला कोरडीच बसवा.

गेल्या महिन्यात हळद झाली, दोन्ही घरची एकाच मांडवात. डीजेच्या काळ्या पेट्यांतून आधी गिटार आली, मग विळीची खरखर, मग मी. मी मागे पाण्याच्या पिंपाजवळ उभी होते, तोंड बंद ठेवून, माझा नेम मोडलेला नाही. चिरनेरच्या म्हातारीने पहिली ओळ ऐकून भुवया वर केल्या. बायांनी मुसळं धरली. "आयेचा" वर माझा आवाज उतरला, सगळ्या मांडवासमोर उतरला, आणि मी बायांच्या तोंडांकडे बघितलंच नाही, फक्त मुसळांकडे बघितलं. मुसळं पडत राहिली. एकही थांबलं नाही. हळद कांडून झाली, मुलाला लागली, उष्टी हळद मुलीकडे गेली. नंतर ती म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली, पान लावत म्हणाली, "गला जड हाय या बायचा. पन आमच्या बायांचा हात नाय थांबवला तिनं. कोन हाय गो ही?" नात तोंड उघडणार तेवढ्यात मी तिला चिमटा काढला. म्हटलं, एक कावळी आहे, आमच्या गावची. म्हातारी म्हणाली, मग लग्नाच्या दिवशीपन तीच लावा.

एवढं सांगायचं होतं. हे पत्र तुला पोचवायची सोय नाही, तुझ्या उंबऱ्यावरून आता विमानं उडतात आणि तिथे मला कुणी आत सोडणार नाही. सोडलं असतं तरी मी आले नसते. कागद विळीखाली अंथरायला चांगला आहे, जाड आहे.

फक्त एक. नातीला मी पूस म्हटलं होतं, आणि ती पुसायला गेली तेव्हा मीच तिचा हात धरला. ते सरळ केलेलं तिच्याकडून माझ्या फोनवर घेतलं आहे. दुपारी घरी कुणी नसलं की खोबरं खवताना लावते. राग येतो, तरी लावते. आणि त्या शब्दावर माझा हात थांबतो.